गुंडीच्या डोळ्यांतल्या बाहुल्या

मंगळवार, ४ मार्च

नोकरीचा पहिला दिवस. या वयात 'पहिला दिवस' लिहिताना हसू येतं. स्टुडिओ बंद केला तेव्हा लेकीला ऐटीत सांगितलं होतं, आता मी आणि माझी आरामखुर्ची. दोन महिन्यांत खुर्चीनेच हात टेकले. घरात दिवसभर रिकामा माणूस दिसला की जो तो काम सांगतो, त्यापेक्षा पगारी काम बरं.

काम असं आहे. बालसंशोधन केंद्रात लहान मुलांचे डोळे मोजतात. मूल आईच्या मांडीवर बसतं, समोर कॅमेरा, खोलीत मंद उजेड. मग एकदम दिवा चमकतो आणि डोळ्यातली काळी बाहुली आकसते. किती आकसली आणि किती चटकन, हे यंत्र टिपतं. डोळा मेंदूला निरोप धाडतो, मेंदू उलट हुकूम सोडतो, आणि ही ये-जा मूल वाढेल तशी पक्की होत जाते, असं डॉक्टरबाईंनी मला समजावलं. शेकडो मुलांची ये-जा मोजून मेंदू कसकसा वाढतो ते त्यांना बघायचंय. यंत्राला सगळं येतं, फक्त मुलाला समोर बघायला लावता येत नाही. तिथे मी.

आमच्या धंद्यात तान्ह्या मुलाचा पासपोर्ट फोटो म्हणजे परीक्षा. तोंड मिटलेलं हवं, डोळे उघडे हवेत, मागे आईचा हात दिसता कामा नये. गावातले इतर फोटोवाले असं गिऱ्हाईक आलं की माझा पत्ता द्यायचे. डॉक्टरबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "मूल रडायला लागलं तर काय कराल?" म्हटलं, "मीही रडतो. ते बघायला ते गप्प होतं." नोकरी लागली.

शुक्रवार, ७ मार्च

माझे वार मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे दिवस एक बाई येतात, आधी बालवाडीत शिकवायच्या. त्यांनी मला सगळी रीत दाखवली. मूल आलं की आधी त्या लहान खोलीत जरा वेळ बसवायचं, मग यंत्राच्या खोलीत न्यायचं. लहान खोलीत इतका मिणमिणता दिवा आहे की आपलाच हात आपल्याला अनोळखी वाटावा. का बसवायचं, विचारलं. बाई म्हणाल्या, "तसं आहे." बालवाडीतही त्यांनी असंच शिकवलं असणार. वीज वाचवत असतील म्हणून मी सोडून दिलं.

पण अंधारात बसून पोरं किरकिरी होतात, हे काय मला सांगायला हवं? आज एक ढब्बू गडी तिथून बाहेर आला तो तोंड वेंगाडूनच. दोन खोल्यांच्या मधे व्हरांडा आहे आणि व्हरांड्याला छानपैकी मोठी खिडकी आहे. जाता जाता मी त्याला घटकाभर तिथे धरलं. खाली रस्त्यावर गाड्या, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे, ऊन. स्वारी खूश. स्टुडिओतही मी हेच करायचो. मुलाला आधी लख्ख उजेड दाखवला की बाहुली बारीक होते आणि डोळ्याचा रंग फोटोत भरून येतो. आयांना वाटायचं मी काही जादू करतो.

यंत्राच्या खोलीत ढब्बू शहाण्यासारखा समोर बघत बसला. काचेपलीकडून यंत्रवाला अंगठा वर करून म्हणाला, "हलला नाही अजिबात." तो एरवी दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले तीन आज माझ्या वाट्याला आले.

मंगळवार, ११ मार्च

आज आमची गुंडी आली. माझी नात, लेकीची लेक; लेक-जावई माझ्याकडेच राहतात. येत्या रविवारी वर्षाची होईल. ती हिंडते कमी आणि घरंगळते जास्त, म्हणून गुंडी. केंद्राला वर्षाची मुलं हवी होती, लेक म्हणाली, "आजोबा तिथे आणि नात नको असं कसं?"

मी तिला जरा जास्तच वेळ खिडकीत धरलं. स्वतःची नात म्हटल्यावर भेदभाव होणारच. समोरच्या गच्चीवरची बाई चादर झटकत होती, गुंडीने तिला हात केला, तिने गुंडीला केला.

मोजणी झक्क झाली. मग गुंडीला टोपडं घालत असताना काचेतून यंत्रवाल्याचा पडदा दिसला. तिथे एक रेघ असते, दिवा चमकला की ती खाली जाते आणि मग सावकाश वर येते. भिंतीवर नमुन्याची रेघ चिकटवलेली आहे, तिचा खड्डा चांगला खोल. गुंडीचा खड्डा म्हणजे रस्त्यावर पाणी साचतं तेवढा.

मी टोपड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. लेक गुंडीचा बूट शोधत होती.

बुधवार, १२ मार्च

झोप लागली नाही. सुट्टी होती तरी छत्री राहिल्याचं निमित्त काढून केंद्रात गेलो. यंत्रवाल्याशी आधी हवापाण्याचं बोललो, मग त्याच्या आईच्या गुडघ्यांचं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "का हो, एखाद्याचा खड्डा उथळ आला तर?" ताकाला जाऊन भांडं लपवणं मला कधी जमलं नाही, पण त्याच्या लक्षात आलं नसावं.

तो म्हणाला, "वयाप्रमाणे बदलतो."

"पण वर्षाच्या मुलाचा फारच उथळ असेल तर?"

"वायरिंग वेगळं असेल," तो म्हणाला आणि पेचकस शोधायला लागला.

वायरिंग वेगळं. हे शब्द घेऊन मी घरी आलो. गुंडी जमिनीवर बसून डब्याचं झाकण चाटत होती. मला बघून तिने झाकण पुढे केलं. माझ्या पोटात खड्डा पडला, तो मात्र चांगला खोल होता.

लेकीला सांगणार नाही. नक्की कळेपर्यंत तिच्या जिवाला घोर नको.

शनिवार, १५ मार्च

मी स्वतः तपास सुरू केला आहे. साधी बॅटरी आणि निगेटिव्ह बघायचं माझं जुनं भिंग. संध्याकाळी गुंडीला मांडीवर घेतो, डोळ्याच्या बाजूने हळूच उजेड आणतो. बाहुली आकसते. पण पुरेशी आकसते का? तुलनेला कोणीतरी हवं म्हणून जावयांना पकडलं. म्हटलं, "जरा दिव्याकडे बघा, डोळे थकलेले दिसताहेत." जावई सज्जन आहेत, बसले. त्यांचीही आकसली. मग शेजाऱ्यांचं मांजर. त्याची इतकी आकसली की नुसती चीर राहिली. मांजराचं वायरिंग उत्तम आहे, पण त्याचा मला काय उपयोग.

अडचण अशी की गुंडीला हा खेळ वाटतो. बॅटरी दिसली की ती टाळ्या पिटते आणि काच तोंडात घालू बघते. भिंगातून मला तिची बाहुली कमी आणि तिचे दोन दात जास्त दिसतात.

मंगळवार, १८ मार्च

बॅटरीतले सेल कोणीतरी सारखे काढून नेतंय. काल घातले, आज नाहीत. भिंतीवरच्या घड्याळासाठी घेत असतील, पण घड्याळ तर किल्लीचं आहे. लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हल्ली जेवताना बोलत नाही." हे काय उत्तर झालं?

आणि ती आळशीही झालीय. पूर्वी गुंडीला न्हाऊ घालणं, भरवणं, झोपवणं, सगळं स्वतः करायची. आता ऊठसूट, "बाबा, घ्या हिला जरा." रविवारी वाढदिवसाला चार माणसं आली होती, तरी संध्याकाळभर गुंडी माझ्याच मांडीवर. मी तक्रार करत नाही.

केंद्रात मात्र एक आशेची गोष्ट घडली. यंत्रवाला आज चक्क लांब वाक्य बोलला. "मंगळवार-शुक्रवारची मुलं बिघडतात."

"बिघडतात म्हणजे?"

"खड्डे उथळ. सगळ्यांचे. बाकीच्या दिवशी ठीक."

मला नाचावंसं वाटलं. म्हणजे दोष गुंडीचा नाही, यंत्राचा. ठरावीक वारी रुसणारं यंत्र. माझ्याकडे एक कॅमेरा होता, तो फक्त लग्नाच्या दिवशी बिघडायचा. मी त्याला सांगितलं, पलीकडच्या शाळेत मंगळवार-शुक्रवारी बँडचा सराव असतो, ढोलाच्या दणक्याने भिंती हादरतात, दिवा हलत असेल. त्याने विचार केला आणि मान डोलावली. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून दिव्याखाली रबराचे तुकडे बसवले. मी बॅटरी धरली, म्हणजे त्याची बॅटरी. तिच्यात सेल होते.

शुक्रवार, २१ मार्च

रबराचा उपयोग झाला नाही. आजची तिन्ही मुलं उथळ. यंत्रवाल्याने दुपारी यंत्र पार उघडलं, स्क्रू बशीत काढून ठेवले, सगळं पुसलं, पुन्हा जोडलं. मधेच मी त्याला लेन्स कशी पुसावी तेही दाखवलं, फुंकर मारून नव्हे. शेवटी स्वतःचा डोळा लावून मोजलं. त्याचा खड्डा खोल, रेखीव, भिंतीवर चिकटवावा असा.

"यंत्र बरोबर आहे," तो म्हणाला.

यंत्र बरोबर आहे म्हणजे गुंडी बरोबर नाही. आणि नुसती गुंडी नव्हे, माझ्या वाराला येणारी सगळी पोरं. ढब्बूसुद्धा. आता देवाने काय वार बघून मुलं वाटली आहेत का? डोकं चालेना. आज पहिल्यांदा वाटलं, ही नोकरी धरली नसती तर बरं झालं असतं. गुंडी झाकण चाटत बसली असती आणि मी तिच्याकडे बघून नुसता हसलो असतो.

लेक मला न्यायला आली होती. ती कधी येत नाही. दारात डॉक्टरबाईंशी बराच वेळ बोलत उभी होती. मी जवळ गेल्यावर दोघी गप्प झाल्या. मुलांच्या कपड्यांबद्दल चाललं असेल.

मंगळवार, २५ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवतो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज मी तुमच्याबरोबर बसते. तुम्ही नेहमीसारखं करा, मी नाहीच असं समजा." का ते सांगितलं नाही. म्हटलं बघू देत, निदान माझ्या कामात खोट निघणार नाही. मी कंबर कसली.

पहिलं मूल एक गंभीर मुलगी, न्यायाधीशासारखी. तिला आईसकट लहान खोलीत बसवलं. डॉक्टरबाई कोपऱ्यात वही घेऊन. वेळ झाली, मी मुलीला उचललं, दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे व्हरांड्यातल्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. लख्ख ऊन होतं. डॉक्टरबाईंना दिसावं म्हणून मी जरा खुलवूनही सांगितलं, "ही माझी खास युक्ती. उजेडात धरलं की चेहरा खुलतो, आणि बाहुली अशी टाचणीच्या डोक्याएवढी होते, बघा."

डॉक्टरबाईंनी बघितलं. मग त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. तोंडावर वही धरली. मला वाटलं ठसका लागला. खांदे हलत होते.

"आजोबा," त्या म्हणाल्या. त्या मला एरवी 'सर' म्हणतात. "प्रत्येक मुलाला इथे आणता?"

"प्रत्येक. कोणाला डावललं नाही."

"आणि आपण त्यांना अंधाऱ्या खोलीत कशाला बसवतो?"

"वीज..." मी म्हणालो, आणि तिथेच थांबलो.

कारण त्या क्षणी मलाच कळलं. निम्मं आयुष्य मी लाल दिव्याखाली फोटो धुण्यात काढलं. अंधारात शिरलं की काही दिसत नाही, थांबावं लागतं, मग बाहुली हळूहळू मोठी होते आणि ताटल्या, कागद, सगळं दिसायला लागतं. मोठी झालेली बाहुलीच दिव्याला दचकून खाली येणार. मी पोरांच्या बाहुल्या आधीच टाचणीएवढ्या करून आत पाठवत होतो. आणखी आकसायला त्यांच्याकडे उरलंच काय होतं? काखेत कळसा म्हणतात तो मी काखेत घेऊन रबराचे तुकडे कापत बसलो होतो.

यंत्रवाला बाहेर आला. डॉक्टरबाईंनी खिडकीकडे बोट केलं. त्याने खिडकी बघितली, मला बघितलं, आणि म्हणाला, "मी ते सगळे स्क्रू काढले होते." एवढंच. पण ते ऐकून मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

मी राजीनामा देतो म्हणालो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काही नको. चूक माझी, 'का' ते कोणी तुम्हाला सांगितलंच नाही. जी मुलं अजून वयात बसतात त्यांना परत बोलावू. तुम्ही होतात म्हणून ती हलली तरी नाहीत, नाहीतर खड्डेच दिसले नसते, नुसते डोंगर." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "आणि गुंडीचं. एका मुलाच्या एका रेघेवरून मला काही सांगता येत नाही, खोल असली तरी आणि उथळ असली तरी. मला शेकडो लागतात तेव्हा कुठे थोडं दिसतं. तुम्ही मला विचारायचं होतंत."

गुंडीची काळजी मी डॉक्टरबाईंना कधी सांगितली? आठवत नाही. बहुतेक यंत्रवाल्याने त्यांच्या कानावर घातली असणार. दिसतो तितका तो साधा नाही.

गुरुवार, २७ मार्च

लेकीला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं रडेल नाहीतर रागावेल. ती म्हणाली, "बरं झालं बोललात," आणि ओट्याखालच्या खणातून सेल काढून माझ्यासमोर ठेवले, मूठभर. तिला ते कुठे सापडले कोण जाणे.

गुंडीला पुन्हा मोजायचं ठरलं. वर्षाच्या मुलांसाठी जी मुदत असते तिच्यात तिचा शेवटचा दिवस मंगळवार आहे. त्यानंतर एकदम दोन वर्षांची झाल्यावर. डॉक्टरबाईंनी सांगितलंय ते पटतं, एका रेघेने काही कळत नाही. पटतं, पण मन खातंच. ती रेघ एकदा खोल गेलेली डोळ्यांनी बघितली की मी सुटलो. मग बॅटरी कपाटात.

मंगळवार, १ एप्रिल

खिडकीला आता जाड पडदा लागलाय. तो मीच शिवून घेतला, मापही मीच दिलं. पडद्याशी काय करू नये ते सांगणारी पाटी यंत्रवाल्याने लावलीय. पाटीवर फक्त "आजोबा" लिहिलंय आणि पुढे फुली.

गुंडी दुपारी आली. लेक म्हणाली, "तुम्हीच घ्या मांडीवर, मी बाहेर थांबते." मी तिला घेऊन लहान खोलीत बसलो. दार लागलं.

आयुष्यभर मी पोरांना उजेडात खेळवलं. इथे खिडकी नाही, खुळखुळा नाही, माझी वेडीवाकडी तोंडं तिला दिसणार नाहीत. काय करावं सुचेना. गुंडीही आधी चुळबुळली. मग तिने हाताने माझं नाक शोधलं, चष्मा शोधला, तो ओढून खाली टाकला. मी उचलला नाही. तीन आठवडे मी तिच्या डोळ्यात बघत होतो, पण दरवेळी काहीतरी मोजायला. आज डोळे दिसतच नव्हते. नुसतं वजन होतं मांडीवर, आणि मानेपाशी गरम श्वास. मी तिला सांगत बसलो, काय ते आता आठवत नाही. गच्चीवरच्या बाईचं, चादरींचं, ढब्बूचं. ती मधे मधे हुंकार देत होती. मग देईनाशी झाली.

डॉक्टरबाईंनी दार किलकिलं केलं. "चला, वेळ झाली."

"झोपली," मी म्हणालो.

त्या आत येऊन वाकल्या. पाठीमागे यंत्रवाल्याचं डोकं. "आज शेवटचा दिवस आहे तिचा," डॉक्टरबाई कुजबुजल्या. "तोंडावर गार पाण्याचा हात फिरवला तर उठेल. उठवायचं का?"

पलीकडच्या खोलीत यंत्र चालू होतं. चार पावलं चाललो असतो तर ती रेघ मला दिसली असती. याच रेघेसाठी मी मांजराच्या मागे धावलो होतो. गुंडीने झोपेतच माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरलं होतं आणि तोंड उघडं टाकून निवांत घोरत होती, तिच्या बापासारखी. मला तिचं काही म्हणजे काही जाणून घ्यायचं उरलं नव्हतं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, आणि डोळे भरून आले ते अंधारात कोणाला दिसले नाहीत.

"नको," मी म्हणालो. "झोपू दे."

"नक्की?"

"नक्की."

डॉक्टरबाईंनी खाली पडलेला माझा चष्मा उचलून माझ्या हातात दिला. मग मागे वळून यंत्रवाल्याला म्हणाल्या, "बंद कर रे." आणि मला विचारलं, "आता तिच्या नावापुढे लिहू काय मी?"

"झोपली, असं लिहा."

"तसा रकाना नाही आमच्याकडे."

"मग आखा एक," मी म्हणालो.

त्यांनी आखला.